घरी सांगितलंस का?

संपादकांचा फोन आला तेव्हा मी न्यू जर्सीत मावसबहिणीकडे होते. यंदाच्या अंकाचा विषय 'घर', असं ते म्हणाले. खिडकीबाहेर घोटाभर बर्फ साचला होता आणि संध्याकाळी आम्हाला तिच्या मंडळाच्या संक्रांतीला जायचं होतं. रथसप्तमी होऊन गेली होती, पण इकडची संक्रांत पंचांग पाहून येत नाही. शाळेचं सभागृह ज्या शनिवारी भाड्यानं मिळेल, त्या शनिवारी ती येते.

दाराशीच टेबल होतं. एका बाजूला तिळगुळाच्या पुड्या, दुसऱ्या बाजूला वर्षाची नावनोंदणी. वर्गणी गोळा करायला संक्रांतीसारखा मुहूर्त नाही. तोंड गोड असताना माणूस फारसा घासाघीस करत नाही. टेबलामागे स्वेटरवर जाकीट चढवलेले एक काका होते. आमच्यापुढे तिशीतल्या दोघी. एकीची पैठणी, दुसरीची काळी चंद्रकळा.

"स्टुडंट की सिंगल?" काकांनी विचारलं.

"फॅमिली," पैठणीवाली म्हणाली.

"मिस्टर गाडी लावतायत का?"

"नाही काका. आम्ही दोघीच. लग्न झालंय आमचं. एकमेकींशी."

काकांचं पेन थांबलं. फॉर्मवर छापलं होतं : पतीचे नाव, पत्नीचे नाव, मुलांची नावे. काका चिडले नाहीत, हसलेही नाहीत. त्यांनी फॉर्म फिरवून दोघींपुढे सरकवला. "तुम्हीच भरा बाई. मला खाडाखोड आवडत नाही." चंद्रकळेनं पतीच्या रेघेवर नाव लिहिलं, पैठणीनं पत्नीच्या. कुटुंबाची वर्गणी दोन एकट्यांच्या वर्गणीपेक्षा कमी असते. त्यांनी ती कमीचीच भरली.

मला लेखाचा विषय तिथे मिळाला. न्यू जर्सीत समलिंगी लग्न ऑक्टोबर २०१३ पासून कायदेशीर आहे आणि साऱ्या अमेरिकेत २६ जून २०१५ पासून. त्या दोघींची नावं आयकराच्या कागदावर, विम्यावर, घराच्या कर्जावर शेजारी शेजारी आहेत. परक्या देशातला एकही फॉर्म त्यांच्यासाठी अडला नव्हता. अडला तो आपल्या माणसांचा, मराठीत छापलेला. पुढचे सहा आठवडे मी या एकाच गोष्टीमागे हिंडले.

लोक म्हणजे नेमके कोण?

महाराष्ट्र मंडळ ही काय चीज आहे, हे पुण्यात बसून कळत नाही. लंडनचं मंडळ १९३२ सालचं. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना एकत्र बांधणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली स्थापन झालं आणि त्याचं अधिवेशन दर दोन वर्षांनी भरतं. पण मंडळ खरं चालतं ते या मोठ्या नावांच्या खाली : कुणाच्या तरी गराजमध्ये ठेवलेल्या गणपतीच्या मखरात, ॲल्युमिनियमच्या ट्रेमधून येणाऱ्या मसालेभातात, रविवारच्या मराठी शाळेत, दिवाळीच्या नाटकाच्या तालमीत. ज्याला इथे सख्खं कुणी नाही त्याला काका, मावशी, आत्या पुरवणारी ही यंत्रणा आहे. बाळंतपणात डबा इथून येतो. कुणी गेलं तर अंत्यविधीला चार खांदेही इथूनच.

म्हणून 'लोक काय म्हणतील' यातल्या 'लोकां'ना इथे नाव-गाव-फोननंबर असतो. पुण्यात लोक म्हणजे हवा. इथे लोक म्हणजे दीडशे कुटुंबांची यादी. त्या यादीतून आपण मनानं वजा झालो, तर पुढच्या गणपतीला उभं कुठे राहायचं, ही भीती आईबापांना असते. मुलांना ती उलट्या बाजूनं असते. लहानपणी ज्या मंचावर भगवा फेटा बांधून पोवाडा म्हटला, त्या मंचाकडे ती कॉलेजनंतर फिरकत नाहीत. मंडळाचे पदाधिकारी मग निरागसपणे म्हणतात, "आमच्याकडे असं कुणी नाहीये." मला हे वाक्य चार जणांनी ऐकवलं, त्यातल्या एकाच्या पुतण्याशी मी आदल्याच दिवशी दोन तास बोलले होते.

आणखी एक गोष्ट इथे घडते. माणूस ज्या साली देश सोडतो, त्या सालचा महाराष्ट्र बरोबर नेतो आणि जपून ठेवतो. सत्तर-ऐंशीच्या दशकात आलेल्यांच्या मनातलं पुणं अजून सायकलींचं आहे. त्या पुण्यात २०११ पासून प्राइडची मिरवणूक निघते, हे सांगितल्यावर एक आजोबा म्हणाले, "काहीतरीच काय. आमच्या पुण्यात?"

तिकडे पुण्यात हे 'अमेरिकेचं खूळ' ठरतं आणि अमेरिकेतल्या आईला वाटतं, 'इथे आणलं म्हणून झालं, तिथेच राहिलो असतो तर बरं.' दोन्हीकडून बोट समुद्रापलीकडेच जातं.

आई-बाबांनी कुणाला सांगायचं

इंग्रजीत यासाठी 'कमिंग आउट' आहे. मराठी मुलं आपसात बोलताना साधं क्रियापद वापरतात : सांगणं. "घरी सांगितलंस का?" "बाबांना सांगितलंय, आईला नाही." "ताईला माहितेय." या वाक्यांत काय सांगितलं ते कुणी उच्चारत नाही, उच्चारावं लागतही नाही.

पण मुलानं घरी सांगितलं की सांगण्याचं काम संपत नाही. ते आईबापांच्या अंगावर येतं. आता त्यांनी मिरजेच्या आजीला सांगायचं, मंडळात सांगायचं, आणि 'मुलासाठी एक छान स्थळ आहे' म्हणून फोन करणाऱ्या हितचिंतकाला सांगायचं. मुलानं या क्षणाची दहा वर्षं तयारी केलेली असते. आईला तयारीला एक संध्याकाळ मिळते.

न्यूयॉर्कमध्ये जीन मॅनफर्ड नावाच्या शिक्षिका १९७२ च्या जूनमध्ये आपल्या मुलाबरोबर मोर्चात चालल्या आणि पुढच्या वर्षी, मार्च १९७३ मध्ये, एका चर्चमध्ये त्यांनी अशा पालकांची पहिली बैठक घेतली. जेमतेम वीस माणसं आली होती. त्यातून पीफ्लॅग ही देशभर पसरलेली संघटना उभी राहिली. मात्र पीफ्लॅगच्या गोऱ्या वर्तुळात बसलेल्या भारतीय आईचं दुखणं अर्धंच मांडलं जातं. 'सासूबाईंना काय सांगू' आणि 'धाकटीच्या लग्नाचं कसं होणार' या प्रश्नांवर तिथे सगळे सहानुभूतीनं माना डोलावतात. समजत कुणालाच नाही. ही उणीव भरून काढायला देसी रेनबो पॅरेंट्स अँड अलाइज ही खास दक्षिण आशियाई कुटुंबांची संघटना उभी राहिली. अरुणा राव यांनी ती सुरू केली, त्या स्वतः एका ट्रान्स मुलाच्या आई. या गटाच्या बैठका ऑनलाइन होतात, त्यामुळे टेक्ससमधल्या आईला कॅलिफोर्नियातली आई भेटते.

अशा गटाला जाऊन आलेल्या एका मावशींकडे मी तीन वेळा गेले. मूळच्या मिरजेच्या, चाळीस वर्षं इथे. पहिले चार महिने त्यांनी कॅमेरा लावला नव्हता, नावही अर्धंच लिहिलं होतं. "काका मागून चहाचा कप घेऊन जायचे. बसायचे नाहीत. पण कप घेऊन तीनदा जायचे," त्या म्हणाल्या. पाचव्या महिन्यात काका खुर्ची घेऊन आले. विचारला तो पहिला प्रश्न असा : "इन्शुरन्समध्ये जावयाचं नाव घालता येतं का?" काकांची स्वीकाराची तऱ्हा ती.

या बैठकांना मी उगाच पवित्र करणार नाही. तिथेही रडारड होते, एखादी आई जपमाळ घेऊन येते आणि 'होईल सगळं नीट' म्हणत राहते, नीट म्हणजे पूर्ववत. पण एक गोष्ट वारंवार दिसून आली आहे. अमेरिकेतल्या ट्रेव्हर प्रोजेक्ट या संस्थेच्या २०१९ च्या पाहणीत, ज्या मुलांच्या आयुष्यात स्वीकारणारं निदान एक मोठं माणूस होतं, त्यांच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाचं प्रमाण ४० टक्क्यांनी कमी आढळलं. एक माणूस पुरतं. ते आईच असावं असंही नाही. टेबलामागचे काका असले तरी चालतील.

जाणारी वाट, येणारी वाट

ही सगळी मदत अमेरिकेतून भारतात गेली असं समजायचं कारण नाही. १९८६ साली सान फ्रान्सिस्कोच्या परिसरात अरविंद कुमार आणि सुवीर दास यांनी त्रिकोण हा दक्षिण आशियाई समलिंगींचा गट सुरू केला. जगातल्या अशा सर्वांत जुन्या गटांपैकी तो एक. त्यांचं नियतकालिक टपालानं जायचं. संगणकाच्या नोकरीसाठी अमेरिकेत गेलेल्या बिंदुमाधव खिरे यांचा या गटाशी संबंध आला. ते परत आले आणि २००२ साली त्यांनी पुण्यात समपथिक ट्रस्ट काढला. 'पार्टनर', 'इंद्रधनू' अशी पुस्तकं लिहून या विषयाला त्यांनी मराठी शब्द दिले. ही झाली जाणारी वाट.

येणारी वाट मुंबईहून निघते. श्रीधर रंगायन यांच्या 'इव्हिनिंग शॅडोज' या चित्रपटाच्या निमित्तानं २०१७ मध्ये तिथे 'स्वीकार' हा पालकांचा गट तयार झाला. चित्रपटात आईचं काम मोना आंबेगावकर यांनी केलंय. चेतन दातार यांच्या 'एक माधवबाग'चं एकपात्री अभिवाचनही त्याच करत आल्या, तीही आईचीच गोष्ट. एप्रिल २०२३ मध्ये 'स्वीकार'च्या चारशेहून अधिक पालकांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं : आमच्या मुलांची लग्नं आमच्या हयातीत कायदेशीर झालेली आम्हाला पाहायची आहेत. मावशींना कुणीतरी ते पत्र पाठवलं होतं. "अमेरिकेत राहून मी तोंड लपवत होते आणि तिकडे भारतातल्या बायका सह्या करत होत्या," त्या म्हणाल्या. त्यांनी मंडळातल्या तिघींना त्या आठवड्यात सांगून टाकलं.

संघर्ष इथेही झालाय. न्यूयॉर्कच्या साल्गा या दक्षिण आशियाई समलिंगींच्या गटाला नव्वदच्या दशकात इंडिया डे परेडमध्ये चालू दिलं जात नव्हतं. ऑगस्टच्या उन्हात मॅडिसन अव्हेन्यूवर तिरंगे फडकत जात आणि ही मुलं पदपथावर फलक धरून उभी राहत. पुढे परवानगी मिळाली. त्यांची मागणी तरी काय होती? आपल्याच लोकांबरोबर, आपल्याच झेंड्यामागे चालू द्या.

"तू काय खाल्लंस?"

आता मराठीचीच एक अडचण सांगते. ती मला आधी कधी जाणवली नव्हती.

एका घरातलं मूल ट्रान्स आहे. जन्मानं मुलगी होती, आता मुलगा. आईबापांनी इंग्रजीत जुळवून घेतलं : नवं नाव, सर्वनाम बदललं, झालं. मराठीत मात्र प्रत्येक वाक्यात परीक्षा. 'जातो' की 'जाते', 'दमलास' की 'दमलीस', 'शहाणा' की 'शहाणी'. मराठी बोलणाऱ्याला दोन वाक्यंही लिंग सांगितल्याशिवाय सहजी बोलता येत नाहीत. हाक मारतानाच 'अरे' की 'अगं' ठरवावं लागतं. त्या मुलानं अठराव्या वर्षी मराठी बोलणं सोडून दिलं. भाषेचा कंटाळा आला म्हणून नव्हे. त्या भाषेत तो सतत चुकीचा उच्चारला जात होता.

वाट काढली ती साताऱ्याच्या आजीनं. तिला कुणी काही समजावलं नव्हतं. नात फोनवर मराठी बोलत नाही एवढंच तिला खटकत होतं. आईनं शेवटी रडत रडत सांगितलं. आजी आठ दिवस बोलली नाही. मग रविवारी फोन आला आणि तिनं विचारलं, "बाळा, काय खाल्लंस?"

व्याकरण पाहा. 'जेवलास'मध्ये पुरुष आहे, 'जेवलीस'मध्ये बाई. 'काय खाल्लंस'मध्ये क्रियापद खाण्याच्या पदार्थाकडे पाहतं, खाणाऱ्याकडे पाहतच नाही. 'बाळा' दोघांनाही चालतं. 'झोप झाली का', 'काय चाललंय', 'कधी येशील' यांतलं एकही वाक्य तुम्ही कोण आहात असं विचारत नाही. आजीनं सहा महिने अशाच वाक्यांवर काढले. आईनं मला हे सांगितलं तेव्हा मी वहीत एकामागून एक वाक्यं लिहून पाहिली. सहा महिने पुरतील इतकी ती खरंच आहेत. त्यानंतर एका रविवारी, सवयीनं की ठरवून ते कुणालाच माहीत नाही, आजी म्हणाली, "अरे, जरा मोठ्यानं बोल की."

मुलगा आता मराठी बोलतो. उच्चार अमेरिकन, पण 'जातो' ठणठणीत.

कोण लागता तुम्ही?

चंद्रकळेची गोष्ट अर्धी राहिली. ती नाशिकची, शिकायला आली आणि नोकरीला लागली. पैठणीवाली इथेच वाढलेली, अमेरिकन नागरिक. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं केंद्रीय कायद्यातली आडकाठी काढली, तेव्हापासून समलिंगी जोडीदारालाही लग्नाच्या आधारे ग्रीन कार्ड मिळतं. तिला तसंच मिळालं. नोकरीच्या रांगेत भारतीयांना वर्षानुवर्षं थांबावं लागतं, त्यामुळे नाशिकमध्ये आनंदाबरोबर आश्चर्यही झालं. वडिलांनी मित्रांना सांगितलं, "कंपनीनं केलं. हुशारच आहे पोरगी." तिनं ते दुरुस्त केलेलं नाही. आईला माहीत आहे, वडिलांना बहुधा माहीत आहे, पण सांगणं झालेलं नाही.

भारताच्या विमानात बसलं की त्या दोघी कायद्यानं पुन्हा मैत्रिणी होतात. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चं भूत ६ सप्टेंबर २०१८ ला उतरलं, पण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी लग्नाला मान्यता देण्याचं काम संसदेवर सोडलं. परदेशात झालेली लग्नंही या पेचात आहेत. वैभव जैन आणि पराग मेहता यांनी २०१७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये लग्न केलं. न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीनं ते नोंदवायला नकार दिला, तेव्हा ते २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेले. जॉयदीप सेनगुप्ता यांनी आपल्या अमेरिकन नवऱ्याच्या ओसीआय कार्डासाठी याचिका केली. त्यांचा मुद्दा साधा : कायद्यात परदेशी 'स्पाउस' असा शब्द आहे, तो बाई की पुरुष असं कुठे म्हटलंय?

हे कोर्टकचेरीचं वाटतं, पण ते दवाखान्यात भेटतं. गेल्या वर्षी चंद्रकळेच्या वडिलांना हृदयविकाराचा झटका आला. दोघी धावत नाशिकला गेल्या. अतिदक्षता विभागाच्या दाराशी वहीत नातं लिहायचं होतं. "कोण लागता?" पैठणीवालीनं 'मैत्रीण' लिहिलं. मैत्रिणींना आत सोडत नाहीत. आईनं वही ओढून घेतली, 'मैत्रीण' खोडलं आणि लिहिलं 'मुलगी'. त्या वहीतलं ते खोटं मला आजवर वाचलेल्या बऱ्याच खऱ्या गोष्टींपेक्षा खरं वाटतं. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयानं एक खुलासा काढला, समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खातं उघडता येतं आणि एकमेकांना नामनिर्देशितही करता येतं. तेवढं तरी झालं. दवाखान्याच्या वहीत अजून तसा रकाना नाही.

वाण कुणाला?

संक्रांतीच्या त्या हळदीकुंकवाला पुन्हा जाते. टेबलावरचा प्रसंग दहा मिनिटांत सभागृहभर झाला होता. कुंकवाची कोयरी फिरत होती, बायका एकमेकींना वाण देत होत्या, यंदा स्टीलचे चिमटे. दोघींपाशी आल्यावर हात किंचित रेंगाळत होते. मग नाव घ्यायची टूम निघाली. कुणीतरी, खवचटपणे की मनापासून ते सांगता येणार नाही, चंद्रकळेकडे पाहून म्हणालं, "आता तू घे."

तिनं घेतलं. बायकोचं नाव यमकात चपखल बसवून, उभ्यानं. उखाणा इथे छापत नाही, तो तिचा आहे. दोन सेकंद शांतता होती. मग मागून मिरजेच्या मावशींनी टाळी वाजवली.

परतताना दोन बायका कुजबुजत होत्या, हे हळदीकुंकवाच्या रीतीत बसतं का? मावशी वळून म्हणाल्या, "हेरवाड ऐकलंय का? आमच्याकडचंच." मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या या गावानं विधवांचं कुंकू पुसायची, बांगड्या फोडायची प्रथा ठराव करून बंद केली. "शिरोळ तालुक्यातल्या गावाला रीत बदलता येते, आणि एवढ्या शिकल्या-सवरल्या तुम्हाला येत नाही?"

सगळं असं टाळीनं संपत नाही. स्वीकार मिळतो तो बहुतेकदा डॉक्टर, इंजिनियर मुलांना. व्हिसावर आलेला, दोन खोल्यांत चौघांत राहणारा विद्यार्थी सांगायला धजत नाही, कारण घरमालकही मंडळातलाच असतो. आणि जात आहेच. पद्मा अय्यर यांनी २०१५ मध्ये मुंबईच्या वर्तमानपत्रात आपल्या मुलासाठी वर हवा म्हणून जाहिरात दिली, तीत जातीचं बंधन नाही म्हणून कंसात अय्यरला प्राधान्य असं होतं. इथे एका बाबांनी मला अगदी कळवळून सांगितलं, "मुलगा आणायचाच होता तर निदान मराठी तरी."

मावशींचा जावई गुजराती. जावई हा शब्द काकांचा. २०२३ साली अधिक श्रावण आला, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. धोंड्याच्या महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण देतात. पण मुलाचा नवरा जावई धरायचा की कसं, आणि आपला मुलगा पलीकडच्या घरी कोण, यावर दोन रात्री चर्चा झाली. शेवटी मावशींनी सहासष्ट अनारसे करायचं ठरवलं, दोघांनाही तेहतीस-तेहतीस. इथल्या तांदळाचं पीठ काही जमेना. बरेच अनारसे तुपात हसले. वाण गेलं ते एकोणीस-एकोणीसचं, उरलेल्याची भरपाई कॉस्टकोच्या बदामांनी.

मंडळाच्या कार्यकारिणीनं मार्चमध्ये फॉर्म बदलला. आता 'सभासद १' आणि 'सभासद २' आहे. बहीण कार्यकारिणीवर आहे, ती म्हणाली, त्या विषयाला दहा मिनिटं लागली आणि वर्गणी पाच डॉलरनं वाढवायला दीड तास.

पुढचा अधिक महिना १७ मे २०२६ ला लागतो. अनारशाचं तयार पीठ मे महिन्यापर्यंत टिकेल असं बांधून अमेरिकेला कोण पाठवतं, हे वाचकांपैकी कुणाला ठाऊक असेल तर अंकाच्या पत्त्यावर जरूर कळवा. मावशींनी विचारायला सांगितलंय. सहासष्टांचं हवं.